पेटी न केलेला ऑसिलेटर

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावरच चिडलेली होते. आदल्या संध्याकाळी त्याचा मेसेज आला होता : ‘झालं. फाइल पाठवली. आता बांध. जसंच्या तसं बांध, हुशारी करू नको.’ ही काय बोलायची रीत झाली? चिखलीला आयटीआयच्या पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आणि ज्यानं जन्मात एक तार सोल्डर केली नाही तो मला सांगतो हुशारी करू नको! दुसऱ्या दिवशी दुपारभर मी वर्कशॉपमध्ये मनातल्या मनात त्याला द्यायची उत्तरं जुळवत होते, तेवढ्यात मोताळ्याहून वहिनींचा फोन. “ताई, तुमचे दादा उठून नाई राह्यले,” एवढंच त्या म्हणाल्या. बाजार करून आला, मेथीची जुडी ओट्यावर ठेवली, खुर्चीत टेकला, पाणी मागितलं… पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. मी बसमध्ये बसले तेव्हाही ती उत्तरं डोक्यात तयारच होती. आता ती कोणाला द्यायची? पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे आपापल्या गावी गेले, पण राग काही गेला नाही. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. ज्यांना मोठा भाऊ नाही तेच असं म्हणत असतील.

माझा दादा, यशवंत, मोताळ्याला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. शिकवायचा मात्र झकास. ध्वनिलहरी शिकवताना वहिनींच्या स्वयंपाकघरातली परात घेऊन जायचा आणि परत आणायला विसरायचा. हौशी रेडिओचा परवाना आम्ही दोघांनी बरोबरच काढला. घरी बांधलेल्या सेटवरून दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलायचं, हा आमचा नाद. त्यातला बांधायचा भाग माझा आणि बोलायचा भाग त्याचा. तो स्वतः विकतच्या सेटवर बोलायचा आणि रोज सकाळी विदर्भातली आमची हौशी मंडळी हवेत एका ठरलेल्या जागी, म्हणजे ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर, जमतात, तिथं हजेरी लावायचा. “यशवंत सर, घरचा सेट कधी?” असं कोणी ना कोणी विचारायचंच. “चालू आहे काम,” हे त्याचं उत्तर. काम कसलं, डोंबल! त्याच्या घरातला फ्यूजसुद्धा वहिनी बदलत.

तो रिटायर झाला आणि लेकीनं त्याला कॉम्प्युटर घेऊन दिला, तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला. सर्किट प्रत्यक्ष न बांधता कॉम्प्युटरात मांडून चालवून बघता येतं, असं एक फुकटातलं सॉफ्टवेअर त्याला सापडलं. पडद्यावर चित्र काढायचं, प्रत्येक भागाची किंमत लिहायची, बटण दाबायचं, की कुठं किती व्होल्ट, कुठं कशी लहर, सगळं आलेखावर दिसतं. त्याला त्यात रेडिओचा व्हीएफओ मांडायचा होता. ऑसिलेटर म्हणजे न थांबता एका गतीनं कंप पावणारं सर्किट. चकती फिरवून ती गती कमी-जास्त करता आली की झाला व्हीएफओ. सेटचा सूर तोच धरतो. शेजारी दुसरा रेडिओ ठेवला तर त्यात त्याची शिटी ऐकू येते. दोघांची जागा जवळ आली की शिटी उतरत जाते, अगदी जुळली की बंद पडते. मला विचाराल तर एक कॉइल, दोन-चार कपॅसिटर, एक ट्रान्झिस्टर, आणि दुपारचा चहा होईस्तोवर काम खतम. पण दादाला आधी ते कॉम्प्युटरात ‘बरोबर’ यायला हवं होतं.

पहिल्याच दिवशी त्याचा फोन आला. “सुजा, हे काहीच करून नाई राह्यलं वं. नुसती सरळ रेघ येऊन राह्यली.” मी म्हटलं, एखादी जोडणी सुटली असेल, बघ. नव्हती सुटली. त्यानं पुन्हा मांडलं, पुन्हा रेघ. मग महिनाभर मोताळ्यात दुसरा विषय नाही. वहिनींनी विचारावं, भाजी कशाची करू, आणि यानं म्हणावं, सर्किट सुरूच होत नाही. शेवटी त्याचं त्यालाच उमगलं. खऱ्या वस्तूत कायम थोडी खळबळ असते, तारेत, ट्रान्झिस्टरात. सप्लाय दिला की त्या खळबळीतूनच कंप उचलला जातो. कॉम्प्युटरातल्या सर्किटात खळबळच नाही, सगळं इतकं शांत की कंप यायचा कुठून? त्याला सुरुवातीला मुद्दाम एक धक्का द्यावा लागतो. ते कळल्यावर आनंदानं फोन करून त्यानं मला तास दिला, अगदी वर्गात दिल्यासारखा. मी म्हटलं, “दादा, माझ्या टेबलावर सप्लाय दिला की आपोआप सुरू होतं. तू इथं ये.” तर म्हणे, “तुले सुरू होतं ते माहीत आहे. काऊन होतं ते मले माहीत आहे.” आता याला काय म्हणावं?

बरं, सुरू झालं तरी सुटका नव्हती. लहरीचा बारीक बारीक तुकडा मोजल्याशिवाय उत्तर खरं येत नाही, आणि तसं मोजायला त्या कॉम्प्युटरला अख्खी दुपार लागायची. अर्ध्यात लाइट गेली की सगळं पाण्यात. तो शांतपणे पुन्हा बटण दाबायचा, आणि इकडं ऐकूनच माझा जीव जायचा. मग हवामानाचं निघालं. ते सॉफ्टवेअर, आपण वेगळं काही सांगितलं नाही तर, हवा सत्तावीस अंश धरून चालतं. मोताळ्यात मे महिन्यात सत्तावीस अंश फक्त माठात असतात. तापलं की कॉइल फुगते, कपॅसिटर बदलतो, सूर घसरतो. म्हणून यानं माझ्याकडून मीटर नेलं आणि एक कॉइल गच्चीवर उन्हात ठेवून मोजली, सावलीत ठेवून मोजली, वहिनींच्या फ्रिजमध्ये कोथिंबिरीशेजारी ठेवून मोजली. प्रत्येक भाग ऊन लागल्यावर कसा वागतो ते मॉडेलात घातलं. मी म्हणायचे, इतक्या वेळात मी दहा सेट बांधले असते. “मंग बांध ना,” तो म्हणायचा. आणि त्याच्यासाठी बांधू म्हटलं की, “नाई, माझा नाई. माझा आधी इथं बरोबर येऊ दे.” असं करता करता वर्षं गेली. मंडळी सकाळी विचारायची थांबली. मी काही थांबले नाही.

आणि मग हाताचं प्रकरण. त्याला एक सवय होती. कॉम्प्युटर असो की रेडिओ, उजव्या हातानं काम चालू असलं की डावा हात टेबलावर पसरून ठेवायचा, बोटं सुटी, समोरच्या वस्तूला टेकतील न टेकतील अशी. कॉलेजच्या टेबलावरही तसाच, पोरं नक्कल करायची. एका रविवारी तो चिखलीला आला आणि माझ्या टेबलावर उघडा पडलेला एक ऑसिलेटर चालू करून बसला. सूर मोजणारं यंत्र जोडलं, आणि डावा हात पसरला. आकडा धाडकन खाली. माणसाचा हात कॉइलजवळ गेला की हातसुद्धा सर्किटचा भाग होतो, लहानसा कपॅसिटरच म्हणा, आणि सूर खाली येतो. हे आम्ही पोरांना पहिल्या महिन्यातच शिकवतो. मी सवयीनं ओरडले, “हात काढ, मग मोज.” वर्कशॉपच्या भिंतीवर मी हेच लिहून ठेवलंय. यानं हात काढला, आकडा बघितला, पुन्हा ठेवला, पुन्हा बघितला. अख्खा रविवार हेच. जेवलाही बसल्या जागी, डावा हात बोर्डाशी तसाच ठेवून. संध्याकाळच्या बसनं तो गेला तेव्हा खुशीत होता, आणि दोन दिवसांनी मॉडेलात एक नवा कपॅसिटर आला. सॉफ्टवेअरला देवनागरी चालत नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत त्याचं नाव लिहिलं होतं : ‘हात’.

आधी मला हसू आलं, मग डोकं तापलं. जगात कोणी सर्किटच्या चित्रात स्वतःचा हात काढतो का? मी गेले मोताळ्याला आणि चांगली भांडले. अरे, पत्र्याची पेटी कर, बोर्ड आत ठेव, झाकण लाव. हात जवळ नेला काय आणि पाय नेला काय, सुराला फरक पडत नाही. सगळं जग असंच करतं. तर शांतपणे म्हणतो, “सेट चालवीन तवा मी असनच ना तिथी? का रिकाम्या खोलीत चालवू?” मी म्हटलं, पेटी केल्यावर तू असलास काय नसलास काय, सारखंच.  माझ्याकडं बघून म्हणाला, “बरं बाई, काढतो. तू नको चिडू.” वहिनींनी मध्ये चहा आणून ठेवला म्हणून तेवढ्यावर भागलं. पुढच्या वेळी मी चित्र पाहिलं तेव्हा त्यात हात नव्हता. पेटीही नव्हती म्हणा. बोर्डाची, तारांची मिळून जी आपोआप थोडी कपॅसिटरची भर पडते तिची किंमत मात्र मला जरा फुगलेली वाटली, पण असेल त्याचं काही मोजमाप, म्हणून मी सोडून दिलं. पुन्हा कोण वाद घालणार.

पुण्यानुमोदनानंतर वहिनींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. लेक त्यांना नाशिकला घेऊन जाणार होती, घर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. खोलीतलं दादाचं टेबल तसंच होतं. “ताई, या टेबलाजवळून मी कधी नीट झाडू मारला नाई,” वहिनी म्हणाल्या. “तार हलली तर ओरडायचे. शेजारपाजारचे म्हणायचे, सर रिटायर झाले आन् दिवसभर कॉम्प्युटरावर खेळून राह्यले. मी काई बोलली नाई कधी. पण मले एवढं सांगा, ते जे करत होते ते बरोबर होतं का? का उगंच बसत होते?” मी म्हटलं, बघते. “बघा,” त्या म्हणाल्या, “मी जायच्या आधी बघा. मंग मले नेल्यावर काय सांगता.” रडत नव्हत्या. टेबलाच्या कडेला उभ्या राहून पडद्यावरची धूळ बघत होत्या. त्या बाईनं एवढी वर्षं त्या टेबलासोबत संसार केला, तिला हे विचारायचा हक्कच होता.

म्हणून मी त्याच्या फाइलीतला व्हीएफओ बांधायला घेतला, जसाच्या तसा. त्यानं लिहिलेली तार, त्यानं लिहिलेले वेढे, त्यानं लिहिलेले कपॅसिटर. चकतीचा काटा मध्यावर आला की सूर बरोबर सकाळच्या मंडळींच्या जागी यावा, असं त्याचं गणित. उघड्या बोर्डावर सगळं चढवलं, सप्लाय दिला. सुरू झाला लगेच, त्याला धक्काबिक्का लागला नाही. तापू दिला, हात लांब केला, मोजला. चुकला. सूर वर होता. काटा शेवटापर्यंत फिरवला तरी मंडळींच्या जागेपर्यंत खाली येईना. मला वाटलं, कॉइल सैल झाली असेल. पुन्हा गुंडाळली. पुन्हा तेवढाच वर. कपॅसिटर बदलले, तारा आखूड केल्या, ट्रान्झिस्टर दुसरा लावला. दर वेळी हात काढून मोजायचे, दर वेळी तेवढाच चुकलेला, एकदा कमी एकदा जास्त असंही नाही! आता खरं सांगते, एक चिमूटभर कपॅसिटर वरून जोडला असता तर पाच मिनिटांत सूर जागेवर आला असता. आयटीआयचं पोरगंही हेच करेल. पण तो जोडायचा म्हणजे काय? म्हणजे दादाचं गणित चुकलं, आणि सगळी वर्षं गेली ती फुकट गेली. हुशारी करू नको म्हणाला होता ना… नाही केली. नुसती चरफडत बसले. कितीदा तरी बोर्ड उचलून भिंतीवर मारावासा वाटला. आणि सगळ्यात जास्त राग याचा, की फोन लावून चार शब्द सुनवायची सोय राहिली नव्हती.

वहिनी जाणार त्याच्या आदल्या सकाळी मी बोर्ड पिशवीत घालून मोताळ्याची बस धरली. काय करायचं ते बसमध्येच ठरवून टाकलं. खोटं बोलायचं. दादाचा विकतचा सेट टेबलावर होताच. तो मंडळींच्या जागी न लावता, बोर्ड जिथं गातोय तिथं लावायचा, वहिनींना शिटी ऐकवायची, आणि म्हणायचं, बरोबर होतं सगळं. त्यांना कुठं आकडे वाचायचे होते. माझ्या आजवरच्या शिकवण्यात मी कोणाला खोटं रीडिंग लिहू दिलं नाही, पण इथं म्हटलं चालेल. घरी सामान बांधलेलं होतं, भिंतीवरचे फोटो उतरवलेले. टेबलावर मी बोर्ड ठेवला, बॅटरी जोडली, काटा मध्यावर आणला आणि दादाचा सेट चालू केला. सेट त्यानं ठेवला तसाच होता, मंडळींच्या जागेवर. नुसती खरखर. मी सेटच्या चकतीकडं हात नेला, हलवणार तेवढ्यात वहिनी फडकं घेऊन आल्या. “थांबा ताई, जरा पुसू द्या. येवढी धूळ… लोक काय म्हणतीन.” आणि त्यांनी टेबलाची डावी बाजू पुसायला घेतली, जिथं त्यांना कधी पुसू दिलं गेलं नव्हतं.

सेटमधून शिटी आली. आधी बारीक, कानाला लागेल न लागेल अशी, मग फडकं पुढं सरकलं तशी खाली उतरत आली, जाड झाली. वहिनी दचकून मागं झाल्या. शिटी वर पळाली आणि गेली. “काई बिघडलं का?”  मी त्यांचा हात धरला आणि जिथं दादा हात पसरून बसायचा तिथं ठेवला. त्यांचा पंजा लहान. जरा पुढं सरकवावा लागला. शिटी उतरली, उतरत गेली, आणि ज्या जागेसाठी मी इतके दिवस कॉइली गुंडाळत होते तिथं येऊन बंद पडली. कॉम्प्युटर उघडायची तशी गरज नव्हती, तरी उघडला, पडताळल्याशिवाय मला चैन पडत नाही. बोर्डाची ती फुगलेली किंमत. त्यातून बोर्डाच्या वाट्याचं वजा केलं, तर उरलं ते माझ्या टेबलावर त्या रविवारी निघालेलं त्याच्या हाताचं माप, शेवटच्या अंकापर्यंत. काढतो म्हणाला होता. काढला नव्हता. चित्रातून पुसला आणि बेरजेत ठेवला, लबाडानं.

“म्हणजे बरोबर होतं?” वहिनींनी विचारलं. त्यांचा हात अजून तिथंच होता, फडक्यासकट. मी म्हटलं, हो, बरोबर होतं, सगळं बरोबर होतं, फक्त तो इथं बसलेला आहे असं धरून केलेलं होतं.  “बसलेलेच तर राहत होते,” त्या म्हणाल्या आणि मग डोळ्याला पदर लावायला म्हणून हात उचलायला लागल्या. शिटी पुन्हा निघाली. मी जन्मभर पोरांना उलटं शिकवलं, पण तोंडातून निघून गेलं, “वहिनी, हात काढू नका.” त्यांनी नाही काढला. डोळे दुसऱ्या हातानं पुसले. घरात सामानाची बोचकी पडली होती, दाराशी टेम्पोवाला विचारून गेला, तरी आम्ही दोघी तशाच राहिलो.

वहिनी आता नाशिकला असतात. बोर्ड माझ्याकडं चिखलीला आहे, खिडकीपाशी. सकाळी मंडळी जमतात त्या वेळेला मी शेजारी सेट लावून तो चालू करते आणि डावा हात त्याच्यासारखा पसरून ठेवते, बोटं सुटी. माझा हातही त्याच्यापेक्षा बारका, थोडा जवळ न्यावा लागतो, मग शिटी उतरते आणि जागेवर येऊन बंद पडते. पडली की मी त्याला, तो गेला त्या दिवशीचं बसमधलं उत्तर रोज देते : एक पत्र्याची पेटी पुरली असती, दादा, बाकी काही लागलं नसतं. तो ऐकत नाही, पूर्वीही ऐकत नव्हता. पेटीसाठी पत्रा मी कधीचाच आणून ठेवलाय. अजून कापलेला नाही.